रूआनांचा विस्तव

डूनशीन गावच्या संग्रहालयात पाहण्यासारखं म्हणाल तर फार काही नव्हतं. लोणी घुसळायचं एक लाकडी पिंप, दोन गंजकी फावडी, कुणा पाद्रीबाबांचा चष्मा, आणि मागच्या अंगणात दगडी भिंतींचं, गवताने शाकारलेलं एका खोलीचं घर. पण लोक बसगाड्या करून यायचे ते त्या घरातल्या चुलीसाठी. बटाटे कुजले त्या दुष्काळापासून, पावणेदोनशे वर्षं, या चुलीतला विस्तव एकदाही विझलेला नाही, असं दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं.

पाटी खोटी होती. चार आठवड्यांपासून खोटी होती, आणि हे जगात एकट्या अट्रॅक्टा मनेलीला ठाऊक होतं.

अट्रॅक्टा अडुसष्ट वर्षांची. उभी हयात परगण्याच्या वाचनालयात नोंदी ठेवण्यात गेलेली, लग्न न केलेली, भुताखेतांवर विश्वास नसलेली बाई. निवृत्त झाल्यापासून तीच त्या घरात लोकरी शाल पांघरून बसायची आणि आलेल्यांना गोष्ट सांगायची. गोष्ट खरी होती. अठराशे सत्तेचाळीस साली जमीनदाराच्या माणसांनी पेग रूआन नावाच्या विधवेला घराबाहेर काढलं. त्यांनी चुलीवर पाणी ओतायच्या आधी पेगने एक निखारा मडक्यात घालून शेजारच्या मनेलींच्या दारात आणून ठेवला. म्हणाली, आम्ही परत येईपर्यंत हा विझू देऊ नका. मग पाच पोरं घेऊन ती पायी गरीबखान्याकडे गेली. हॅना नावाची एक मुलगी तेवढी जगली आणि जहाजाने कॅनडाला पोचली. बाकीची पाच माणसं, पेग धरून, गरीबखान्यामागच्या खड्ड्यात गेली. मनेलींनी मात्र शब्द पाळला. संग्रहालय उघडलं तेव्हा अट्रॅक्टाच्या वडिलांनी तोच विस्तव लोखंडी भांड्यातून इथे आणला. सगळं गाव अनवाणी मागून चालत आलं होतं. मनेलींच्या घरची चूल त्या दिवसापासून काडी ओढूनच पेटायची.

ही गोष्ट सांगताना अट्रॅक्टाचा ऊर भरून यायचा. आता सांगताना कानशिलं तापायची.

विस्तव राखणं हे तसं अवघड काम नव्हे. दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, टर्फच्या, दोन विटा निखाऱ्यांवर ठेवायच्या, वरून राख ओढायची, चुलीपुढेही पसरायची, फावड्याच्या पाठीने ती सारखी करायची आणि चुली राखणाऱ्या संत ब्रिगिडबाईचं नाव घ्यायचं. सकाळी राख बाजूला केली की आत लाल डोळा उघडाच असतो. आईने तिला हे सातव्या वर्षी शिकवलं होतं. आणि एक गोष्ट आई हसत हसत सांगायची. "आधी राख बघायची, मग विस्तव. राखेत पाऊल चुलीकडे वळलेलं दिसलं तर घरात माणूस येणार. दाराकडे वळलेलं दिसलं तर घरातलं जाणार."

जुलैतल्या त्या रविवारी दुपारी चारला टीव्हीवर मेयोचा, म्हणजे आपल्या परगण्याच्या संघाचा, फुटबॉलचा सामना होता. अट्रॅक्टाने घाईघाईने कोरड्याऐवजी ओल्या विटा टाकल्या, राख लोटली, ब्रिगिडबाईला तुझं नाव उद्या दोनदा घेईन असं मनात सांगितलं आणि दार ओढून पळाली. मेयो हरली. त्यात नवल ते काय! पण सोमवारी सकाळी राखेत हात घातला तर आत चिखलासारखं गार काहीतरी लागलं.

ती गुडघ्यांवर बसून फुंकत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठली, दुकानातून चूल पेटवायच्या पांढऱ्या रॉकेलच्या वड्या आणल्या आणि काडी ओढली. दहा वाजता बेल्जियमहून आलेल्या लोकांना तिने गोष्ट सांगितली. एका म्हाताऱ्याने चुलीपुढे टोपी काढली. तेव्हा तिला वाटलं, ही जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

पहिला फरक बोक्याला कळला. बिशप नावाचा तो काळा बोका दहा वर्षं चुलीपाशी लोळत आलेला. तो उठून तिकिटाच्या खिडकीत राहायला गेला, तो परत येईना.

"काय गं, बिशपसाहेबांनी तुला वाळीत टाकलं की काय?" फिंटन लावेलने विचारलं. फिंटन तिकिटं फाडायचा. शाळेत तिच्याच बाकावर बसलेला, आणि अजूनही तिची वेणी ओढायची खोड न गेलेला माणूस.

"म्हातारा झालाय तो. तुझ्यासारखा."

"ते असू दे. पण त्या जर्मन बाई आत दोन स्वेटर घालून उभ्या होत्या बघ. भर उन्हाळ्यात! विस्तवाने संप केलाय का?"

अट्रॅक्टा हसली नाही. विस्तव दिसायला नेहमीसारखाच जळत होता. पण त्यावरची किटली दोन तास ठेवली तरी पाणी कोमटसुद्धा होत नव्हतं. टर्फ ओला असेल, धुराडं ओढत नसेल, अशी कारणं तिने स्वतःला दिली. एक दिवस कुणी नाही असं बघून तिने जाळावर हात धरला. मग आणखी खाली नेला. तळव्याला ज्वाळा लागत होती, आणि तळवा गारच होता.

नवव्या दिवशी सकाळी राखेत पाऊल दिसलं.

लहान, अनवाणी, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं. बोटं चुलीकडे. शेजारी दुसरं. घर रात्रभर कुलपात होतं आणि किल्ली अट्रॅक्टाच्या एप्रनमध्ये. बसमधल्या कुठल्या पोराने काल खोड्या केल्या असतील, असं ती म्हणाली. संध्याकाळी राख आपल्याच हाताने सारखी केलेली तिला चांगली आठवत होती. तरीही म्हणाली, आणि फिंटन यायच्या आत फावड्याने ती पावलं पुसून टाकली.

आठवडाभरात जोड्या तीन झाल्या. मग पाच. त्यातली एक मोठ्या बाईची होती, टाचेला भेगा पडलेली. चालत आलेल्या माणसाची पावलं टाचेकडून बोटांकडे सरकतात. ही तशी नव्हती. खूप वेळ एका जागी उभं राहिल्यासारखी ती सारखी आणि खोल रुतलेली होती. आणि रोज ती बोटभर चुलीच्या जवळ सरकत होती.

अट्रॅक्टा रोज ती पुसायची. नोंदी ठेवण्यात जन्म गेलेली बाई, पण ही नोंद तिने कुठेच ठेवली नाही. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. गारठलेली माणसं शेकायला यावीत आणि आपण त्यांच्यापुढे चित्रातला विस्तव मांडावा, तशी ती लाज होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेलिया रूआन आली.

पत्र तिने वसंतातच पाठवलं होतं. हॅनाची ती पणती, चौऱ्याहत्तर वर्षांची, कॅनडात शाळेवर शिकवून निवृत्त झालेली. टेकडीवरच्या रूआनांच्या पडक्या घरावर तिने पत्रे घालून घेतले होते आणि जुनी चूल नव्याने बांधून घेतली होती. आता पेगने ठेवलेला विस्तव परत न्यायचा होता. सगळ्या गावाला आमंत्रण होतं. फिंटनने टाय लावला होता, आणि गावातल्या बायकांनी सोड्याचे पाव भाजून आणले होते.

उंच, सडपातळ डेलियाने आत येताच अट्रॅक्टाचे दोन्ही हात धरले. "तुमच्या घरासाठी आम्ही रोज रात्री प्रार्थना करायचो, ठाऊक आहे का तुम्हाला? वडील सांगायचे, हॅनाआजी मरताना भ्रमात होती. कुणाचं नाव घेईना. एवढंच म्हणे, आमचा विस्तव मनेलींकडे आहे."

अट्रॅक्टाने तोंड उघडलं. तेवढ्यात फिंटन दारातून ओरडला, "चला बायांनो! पावणेदोनशे वर्षं थांबलो, आता चहा निवतोय!"

निखारे वडिलांच्याच लोखंडी भांड्यात भरले. लोक हसत-बोलत पुढे गेले. मागे दोघी म्हाताऱ्या, एक कडी एकीच्या हातात, दुसरी दुसरीच्या. दोन्हीकडे काळ्या काट्यांची कुंपणं. भांडं लाल दिसत होतं आणि त्याची कडी दंवासारखी गार होती. डेलियाने हातमोजे घातलेले होते.

"अट्रॅक्टा, एक विचारू? रागावू नका हं." डेलिया हळूच म्हणाली. "इतकी वर्षं. आजारपणं, लढाया, वादळं. खरंच कधी विझला नाही? विझला असेल तरी मी काही बोलणार नाही. माणसंच आहोत आपण. फक्त मला खरं हवंय. आमच्या घरी कुणाकडे दुसरं काही नव्हतंच हो, एवढी एकच खरी गोष्ट होती."

याहून सोपं दार कुणी कुणाला उघडून दिलं नसेल. अट्रॅक्टाला पाटी दिसली, वडील दिसले, टोपी काढलेला तो म्हातारा दिसला.

"एकदाही नाही," ती म्हणाली.

डेलियाचे डोळे भरून आले. तिने वाकून अट्रॅक्टाच्या गालाचं चुंबन घेतलं. जिथे ओठ लागले ती जागा अट्रॅक्टा वाटभर शालीच्या टोकाने पुसत होती, आपण पुसतोय हे न कळता.

टेकडीवर नव्या चुलीत निखारे ओतले, टर्फ रचला, जाळ झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेलियाने दोन्ही हात विस्तवापुढे धरले आणि हसली. हसू तसंच ठेवून थोड्या वेळाने तिने रेनकोटची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"जुन्या भिंती," फिंटन म्हणाला. "ऊब धरायला वेळ लागणारच."

रविवारी सकाळी संग्रहालयातली राख स्वच्छ होती. एकही पाऊल नाही. किटली दहा मिनिटांत उकळली. बिशप शेपटी वर करून आला आणि चुलीपुढे पसरला. अट्रॅक्टा स्टुलावर बसून रडली. गेली, आपल्या घरी गेली, ती मनाशी म्हणाली. खोटा का असेना, विस्तव पोचला. त्या दिवशी तिने गोष्ट चार वेळा सांगितली, आणि चारही वेळा तिचा आवाज कापला नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिने काडीने चूल पेटवली, किटली ठेवली, आणि जरा वेळाने फोन वाजला. डेलिया होती.

"घर काही तापत नाही हो, अट्रॅक्टा. जाळ मोठा आहे, पण मी कोट घालून बसलेय." मग ती कानकोंड्या आवाजात म्हणाली, "हसाल मला. वडील राखेचं सांगायचे ना, म्हणून मी सकाळी राख बघितली. वाटलं होतं, त्यांची पावलं दिसतील. काहीच नाही. ती माणसं आली नाहीत का?"

"येतील," अट्रॅक्टा म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिच्या लक्षात आलं की आपण अजून शाल काढलेली नाही. चुलीत टर्फ जळत होता आणि स्वयंपाकघर गार होतं. किटली ठेवून अर्धा तास झाला होता. तिने झाकण काढून पाण्यात बोट बुडवलं.

पेगने निखारा मडक्यात आणून ठेवला होता तो याच दारात. शब्द याच घराने दिला होता.

अट्रॅक्टाने आपली खुर्ची चुलीपासून उचलली आणि भिंतीला लावली. चुलीपुढची जागा मोकळी झाली. "माझं चुकलं," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "सकाळी सांगते तिला. सगळं सांगते."

मग तिने आईने शिकवलं तसा विस्तव झाकला. कोरड्या विटा, वर राख, राखेवरून फावड्याची पाठ. ब्रिगिडबाईचं नाव दोनदा घेतलं. गारठा फार होता, म्हणून जाड लोकरी मोजे घालूनच ती झोपली.

सकाळी तिने आधी राख बघितली.

पाच जोड्या. बोटं चुलीच्या कडेला टेकलेली.

त्यांच्या मागे आणखी एक पाऊल होतं. एकटं, डावं, दाराकडे वळलेलं. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. लहानपणी गाढवाच्या गाडीचं चाक गेल्यापासून अट्रॅक्टाची करंगळी तशी होती.

ती फोनपाशी गेली. आकडे फिरवले.

"डेलिया, विस्तव विझला होता," ती म्हणाली. "जुलैमध्ये. मी विझवला. मॅच बघायची होती मला. वड्यांनी पुन्हा पेटवला आणि सगळ्यांना खोटं सांगितलं. तुम्हालाही सांगितलं. मला स्वतःची लाज वाटते."

पलीकडून कोटाची बटणं काढल्यासारखा आवाज आला.

"अगंबाई," डेलिया हलकेच म्हणाली. "इथे आत्ता ऊब आली."

अट्रॅक्टाने वळून पाहिलं. चुलीपुढची राख सारखी झाली होती, फावडं फिरवल्यासारखी. पाचही जोड्या नव्हत्या.

दाराकडे वळलेलं पाऊल तेवढं राहिलं होतं.

ती खुर्चीत बसली, वाकली आणि डाव्या पायातला मोजा ओढून काढला. तळव्याला राख लागली होती, आणि ती अजून गरम होती.