दोन ट्रक आणि एक खुर्ची

हालिनाची खुर्ची फुटपाथवर आडवी पडली होती. आणि तिच्या जागेत एक हिरवा ट्रक ऐटीत उभा होता.

सकाळी पाऊण तास फावडं मारून तिने ती जागा मोकळी केली होती. हॅमट्रॅमिक गावच्या गल्ल्यांमध्ये घरांना गॅरेजं नाहीत. गाड्या दारासमोर, रस्त्यावरच लावायच्या. त्यामुळे इथला कायदा एकदम सोपा. बर्फ ज्याने उपसला, जागा त्याची. मध्ये स्वयंपाकघरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवून खुशाल कामावर जा. त्या खुर्चीला चोरसुद्धा हात लावत नाही.

आणि हा ट्रक तर... त्यांच्या कंपनीचा! पलीकडच्या! इलेक्ट्रिक पिकअप, अगदी तिच्या कारखान्यात बनलेल्या तिच्या पांढऱ्या ट्रकचा सख्खा वैरी.

कोपऱ्यावरच्या बेकरीतून एक उंच, काळासावळा तरुण कानटोपी सावरत आला आणि हिरव्या ट्रकचं दार उघडायला लागला.

"ओ साहेब! ही खुर्ची दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. वाटलं कुणी फेकून दिलीये. लंगडत होती बिचारी."

"तिचा एकच पाय गेलाय. तुमची तर अक्कलच गेलीये!"

तो हसला. हसताना त्याच्या पापण्यांवरचा बर्फ खाली सांडला आणि हालिनाला उगाचच अजून राग आला.

"मी पॉन्टिॲक गावचा. आमच्याकडे गॅरेज असतं हो. मंगळवारच्या तुमच्या त्या मुरंबा भरलेल्या डोनटांची, पोन्चकीची, ऑर्डर द्यायला आलो होतो, बारा डझन."

"मग गॅरेजातच ठेवायचा ना हा डबा!"

त्याचं हसू पटकन मावळलं.

"खुर्चीचं चुकलं माझं. माफ करा. पण डबा म्हणायचं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "याचं डावं दार मी बसवतो. रोज दीडशे दारं. या हातांनी."

हालिनाने पुढचा टोमणा गिळला. कारण तिच्या ट्रकला कुणी डबा म्हटलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं, फक्त जास्त मोठ्याने. तिने मागे डबल पार्क केलेल्या पांढऱ्या ट्रककडे बोट केलं.

"त्याच्या पुढच्या दोन्ही सीट मी बसवते. आठ वर्षं झाली."

"अच्छा...! म्हणजे शत्रूच."

"शत्रूच. आणि तुमचा हा हत्ती या गल्लीत वळतो तरी का?"

"मागची चाकंसुद्धा वळतात याची. तुमच्याची?"

"आमचा मुळातच बेताचा आहे, कसरत करावी लागत नाही! आणि मागचा हौदा? सहा फुटी शिडी आडवी मावते?"

"शिडी रोज नेता का तुम्ही? रोजचं बोला. रोज कामावर जायचं, वाणसामान आणायचं, थंडीत गाडी तापवायची..."

"रोजचंच बोलतेय!"

"मग बोलताय कशाला? चालवून बघा. मंगळवारी मी पोन्चकी न्यायला येणारच आहे. तोपर्यंत तुम्ही माझा चालवा, मी तुमचा."

वेडाच होता. पण माघार घेईल ती हालिना दुदेक कसली! दोघांनी एकमेकांच्या लायसन्सचे फोटो काढले, फोन नंबर घेतले. त्याचं नाव कॉर्डेल बिव्हेन्स. फोटोतही हसत होता मेला.

"एक अट," किल्ली देताना तो म्हणाला. "दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जे सरस असेल ते कबूल करायचं. आपापल्या घरच्यांसमोर. खरं खरं."

"कबूल," ती तोऱ्यात म्हणाली.

आणि मग तिला ताता आठवले.

ताता म्हणजे तिचे वडील, झिग्मुंट. छत्तीस वर्षं तिच्याच कारखान्यात होते, आणि छत्तीस वर्षं फक्त दारं बसवली. त्यांचा एक पुतण्या एकदा पलीकडच्या कंपनीची गाडी घेऊन नाताळच्या जेवणाला आला होता. तातांनी त्याला ती चर्चपाशी ठेवून बर्फातून चालत यायला लावलं. तोवर सूपही वाढलं नाही.

म्हणून हालिनानेही हिरवा ट्रक चर्चपाशीच ठेवला. तातांना सांगितलं, आपला ट्रक एका मित्राने नेलाय.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिला पार कुंपणाजवळ गाडी लावावी लागली. दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांची जागा तीच. तिथून दरवाजापर्यंत वाऱ्यात चालत जाताना मैत्रीण ओरडलीच, "काय गं हालिना, सासरची गाडी वाटतं?"

"गप गं!" पण कान लाल झाले ते काही थंडीने नव्हे.

दुपारी तिने मेसेज टाकला. "एका चार्जवर तीनशे मैल जातो म्हणे तुमचा. मला दोनशे दहाच दाखवतोय."

"तुझा एकशे नव्वद," लगेच उत्तर. "बर्फात सगळेच थापाडे. आणि मी पण आज कुंपणापाशी लावला. पाय गोठले... पण तुझा ट्रक घरच्या साध्या प्लगवर रात्रभरात कामापुरता भरतो, हे मान्य."

'तुमचा'चं 'तुझा' कधी झालं, तिने विचारलं नाही. तिनेही पुढच्या मेसेजला तेच केलं.

मग रोजच सुरू झालं. तुझ्या पुढच्या डिकीत आठवड्याचं वाणसामान मावलं. तुझा हीटर लवकर तापतो. तुझा आरसा फारच लहान. तुझ्या कपहोल्डरमध्ये माझा मग अडकून बसलाय, आता मगासकट परत करीन...

शनिवारी तो मेसेज आला. तिने तो तीनदा वाचला.

"आज आईला तुझ्या ट्रकमधून फिरवलं. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, बसताना नेहमी कण्हते. आज कण्हली नाही. घरी आल्यावर उतरेचना. विचारते, ही सीट कुणी बसवली रे?"

आठ वर्षांत हे कुणी, कधीच विचारलं नव्हतं.

हालिना चर्चपाशी गेली. हिरव्या ट्रकचं डावं दार उघडलं, मिटलं. ठप. एकदाच. खडखड नाही, दुसरा धक्का नाही. तिने परत उघडलं, परत मिटलं. दहा वेळा. मग त्या दारावर तळवा ठेवून ती बर्फात नुसती उभी राहिली.

सरस काय, ते तिला कळलं होतं. पण नेमकं दारच असावं? तातांसमोर दुसऱ्याचं दार चांगलं म्हणायचं म्हणजे त्यांची छत्तीस वर्षं... आणि नाही म्हटलं, तर कॉर्डेलला कुठल्या तोंडाने भेटायचं?

मंगळवार उजाडला. उपवासाचे दिवस सुरू व्हायच्या आधीचा हा गोडाधोडाचा मंगळवार, बेकरीसमोर अर्ध्या गल्लीची रांग. हालिनाने दारासमोरची जागा परत उपसली. हिरवा ट्रक चर्चपासून आणला. स्वतःची खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली, आणि ट्रक लावला. थेट दारात.

ताता सपातांतच पायरीवर आले.

"हे काय आहे?"

तेवढ्यात मागे पांढरा ट्रक थांबला. कॉर्डेल उतरला, हातात गुलाबाच्या मुरंब्याच्या पोन्चकीचा खोका. हालिनाने हिरव्या ट्रकच्या डाव्या दारावर तळवा ठेवला.

"ताता, हा कॉर्डेल. हा ट्रक याचा. आपल्या ट्रकची सीट चांगली आहे, हौदा चांगला आहे, रोजच्याला आपलाच बरा. पण... याचं दार आपल्यापेक्षा चांगलं बसतं. ते याने बसवलंय."

रांगेतल्या दोन बायकांनी चक्क माना वळवल्या.

"मी काल घरी सांगितलं," कॉर्डेल घाईने म्हणाला. "सीट तुमचीच चांगली म्हणून. माझ्या काकाने समोरचं ताट उचलून नेलं."

ताता तशाच सपातांत बर्फात उतरले. दार उघडलं, मिटलं. कान लावून परत मिटलं. फटीतून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश.

"आधी कुठली बिजागरी आवळतोस?"

"खालची, मिस्टर दुदेक. मग दार केसभर उचलतो, आणि वरची."

"आम्ही उलटं करायचो." तातांनी खालच्या बिजागरीवर बोट टेकवलं. "छत्तीस वर्षं उलटं केलं, आणि तरी एकही दार परत आलं नाही."

"माहितीये. हालिनाच्या ट्रकचंही बघितलं मी. ते बसवणारी माणसं तुमच्याच शिकवणीतली आहेत."

तातांनी कॉर्डेलच्या हातातला खोका काढून घेतला.

"ट्रक भिकार आहे," ते म्हणाले. "दार चांगलं आहे."

आणि आत निघून गेले.

"संपलं," हालिना पुटपुटली. "आता सूपसुद्धा नाही."

घराचं दार पुन्हा उघडलं. तातांच्या एका हातात फावडं होतं. ते त्यांनी कॉर्डेलकडे फेकलं.

"बघतोस काय? शेजारची जागा उपस. ज्याची जागा त्याने उपसायची."

दुसऱ्या हातात खुर्ची होती. लंगडी नव्हती ती. जेवणाच्या टेबलाची, चारही पाय धड असलेली, पॉलिश केलेली. तातांनी ती बर्फात नीट रोवून ठेवली, डुलत नाही ना ते हाताने दाबून पाहिलं आणि आत गेले.

हालिनाला हसावं की रडावं कळेना.

"ही तर चांगली खुर्ची आहे गं," कॉर्डेल फावडं टेकवत म्हणाला. "ही इथे राहिली, तर आत मी जेवायला कशावर बसू?"

तिने त्याच्या पापण्यांवरचा बर्फ बोटाने पुसला.

"आधी जागा उपस," ती म्हणाली. "बसवायचं मी बघते. आठ वर्षांचा अनुभव आहे माझा."