पेन्सिल पुसण्याआधी

गुरुवारी सकाळी गेझा बोडनार यांनी खिडकीच्या काचेवरचं हिव नखानं खरवडलं, त्या भोकातून बकआय रोड पाहून घेतला आणि जाहीर केलं, "रेडिओवाला म्हणतो, सरोवर पार कॅनडापर्यंत गोठलंय. आता पायी जाता येईल."

"आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पायी जाऊन दूध आणा," एटेल्का म्हणाली. तिनं मान वर केली नाही. ब्रश ओला होता.

"बघा, बापाशी कशी बोलते ही!"

"पानं पाठवायची वेळ आली तरी बाप खिडकी खरवडत बसतो, म्हणून बोलते."

क्लीव्हलंडमधल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत दोन उतरती टेबलं समोरासमोर लावलेली होती. उजेडाकडच्या टेबलावर वडील, भिंतीकडच्या टेबलावर ती. अकरा वर्षं असंच चाललं होतं. वडील पेन्सिलनं पानं काढत आणि ती त्यांवर शाई चढवी. शाई वाळली की खालची पेन्सिल खोडरबरानं पुसून टाकी, म्हणजे छापखान्याला नुसती स्वच्छ काळी रेघ मिळे. या कामाचा नियम एकच होता आणि तो वडिलांनीच तिला शिकवला होता. पेन्सिल नेईल तिथं जायचं. स्वतःची रेघ घालायची नाही.

त्यांच्या मासिकाचं नाव 'लाइनमन'. विजेच्या खांबावर चढणारा एक साधा माणूस, अंगावर वीज पडूनही जगलेला. तेव्हापासून त्याच्या हातात सापडलेली वस्तू कधी सुटत नाही. पडणाऱ्याला धरायचं, मग तो कुणीही असो, एवढंच त्याचं काम. खप घसरला होता, त्यामुळे न्यूयॉर्कच्या कंपनीनं मासिक बंद करायचं ठरवलं होतं. हा शेवटचा अंक होता आणि त्यातलं बाविसावं पान वडिलांच्या टेबलावर होतं. शेवटच्या मोठ्या चौकटीत एक लोखंडी पूल आणि त्यावरून खाली पडणारा व्हेरिक. व्हेरिक म्हणजे लाइनमनचा जुना वैरी.

"या वेळी पडू द्या त्याला, अपू," एटेल्का म्हणाली; वडिलांना ती हंगेरियनमध्ये अशीच हाक मारी. "दोनदा वीजघर जाळलं त्यानं. शाळेची बस पळवली. दरवेळी हा त्याला धरतो, दरवेळी तो रडतो, सुधारतो, आणि सहा महिन्यांनी काडेपेटी घेऊन पुन्हा हजर."

"सातव्यांदा सुधारेल."

"वाचक कंटाळलेत."

"वाचक?" त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का शाईवाली?"

तिनं ब्रश दवातीत बुडवला आणि निथळेपर्यंत धरून ठेवला.

दुपारी चारला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "लाइनमनचा हात उद्या काढतो," ते म्हणाले. "आज बोटं ऐकत नाहीत. जरा डोळा लावतो."

पाचला ती कॉफी झाल्याचं सांगायला गेली तेव्हा ते पलंगावर उताणे होते, पायांत सपाता तशाच. हाक मारण्यासाठी ती दारातच थांबली आणि हाक मारायची गरज उरली नाही हे तिला तिथूनच कळलं.

सोमवारी दफन झालं. जमीन इतकी कडक झाली होती की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं. शेजारच्या मार्गित नेनी, म्हणजे मार्गित मावशी, खसखशीचा रोल घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या, "तुझ्या आईनं त्याला घरात घेतलं तेव्हा मी तिला वेडी म्हटलं होतं. देव मला क्षमा करो. माणूस चांगला निघाला शेवटी."

एटेल्का नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून गेले होते. टोलेडोला, दुसऱ्या एका बाईकडे. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा परत आले. आईनं त्यांना जेवायला वाढलं आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही. एटेल्का पुढे त्यांच्याकडेच काम शिकली, त्यांच्या समोर बसली, त्यांच्याशी दिवसभर वाद घातला, हसली. त्या चार वर्षांबद्दल मात्र ती कधी बोलली नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. ते फक्त दर महिन्याला एका पडणाऱ्या माणसाचं चित्र काढत आणि पान तिच्याकडे सरकवत. ती त्यावर शाई चढवी आणि खालची पेन्सिल पुसून टाकी.

मंगळवारी ती कामाला बसली. पानं पुढच्या सोमवारी दुपारच्या टपालानं जायची होती. वीस आणि एकवीस शाईत झाली, वाळली. रबर हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की बाविसावं पान संपलं की वडिलांच्या हातची पेन्सिल जगात कुठंच उरणार नाही. आधीची सगळी पुसली गेली होती, अकरा वर्षांतली तिनं स्वतः पुसली होती, हजारो पानं, आणि चुरा फुंकरीनं उडवून दिला होता.

तिनं बाविसाव्याला हात लावला नाही.

बुधवारी सकाळी त्या पानावर खोडरबराचा चुरा होता. करडा, बारीक, वळलेला. काल आपणच झटकायचा विसरलो असं म्हणून तिनं तो झटकला. मग तिनं चौकट पाहिली. गुरुवारी व्हेरिकची पावलं पुलाच्या खालच्या तुळईला टेकलेली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. तिथं तुळईची रेघ कुठं तोडायची याचा तिनं विचार केला होता. आता तुळई आणि पावलं यांच्यामध्ये दोन बोटांची कोरी जागा होती.

एटेल्का आठवणीवर विसंबणारी बाई नव्हती. तिनं फूटपट्टी घेतली. सव्वा इंच. आकडा कागदावर लिहून पान कपाटाच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

गुरुवारी सकाळी दीड इंचाच्या वर होतं. खणात चुरा होता. व्हेरिकची टोकदार दाढी कुणीतरी नीट पुसली होती आणि तिथं एक दमलेली, म्हातारी हनुवटी निघाली होती. कागदाला नाक लावलं तर वास येत होता, ताज्या तासलेल्या पेन्सिलचा.

पुलाच्या कठड्यावर, जिथून हात यायचा होता, तिथं काहीच नव्हतं.

त्या दुपारी मार्गित नेनी रोलचं ताट न्यायला आल्या. पान टेबलावर होतं. त्यांनी चष्मा चढवून वाकून पाहिलं.

"हा कोण पडतोय?"

"खलनायक आहे, नेनी."

"खलनायकाला सपाता कशाला घातल्यास गं? तो लढायला निघालाय का अंघोळीला?" त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. ताट उचलून दाराशी जाताना म्हणाल्या, "माझ्याकडे येऊन राहा दोन दिवस. घर फार गार पडलंय हे."

"काम आहे."

"काम!" नेनी पुटपुटल्या. त्यांनी टेबलाकडे पाठ केली नाही; दारापर्यंत तशाच तिरक्या चालत गेल्या.

शुक्रवारी न्यूयॉर्कहून संपादक लेनी क्रॅमरचा फोन आला. तो आधी गेझांबद्दल बोलला, आणि खरोखर मनापासून बोलला. मग घसा खाकरला.

"बाविसावं कुठवर आलंय?"

"हात राहिलाय. लाइनमनचा."

"एवढंच ना? इथला कुणीही पोरगा काढेल पाच मिनिटांत. पाठवून दे."

"नाही."

"बरं. मग जसं आहे तसं शाईत कर. पडतोय तर पडू दे. शेवटचाच अंक आहे, एटी. खरं सांगू? तोच शेवट चांगला. वीस वर्षं धरून धरून त्याचाही हात दुखला असेल."

"पेन्सिलमध्ये हात यायचाय अजून," ती म्हणाली.

"यायचाय म्हणजे?"

तिनं फोन ठेवला.

शनिवारी चौकटीच्या तळाशी पाणी आलं होतं. गोठलेलं नाही, वाहतं. वडील पाणी काढायचे तसंच, लांब आणि घाई न करता. रविवारी पाण्याला लाटा आल्या होत्या आणि एक सपात गळून पडली होती. ती मधल्यामधे हवेत तरंगत होती. तळवा उघडा होता, त्यावर टाचेची भेगही काढलेली. एटेल्का दिवसभर पानासमोर बसून राहिली. ती पाहत असताना काहीच हललं नाही. ती दुधाचं भांडं उतरवायला उठली, परत आली, आणि चुरा होता.

हात मात्र नव्हता. गेले पाच दिवस तिला वाटत होतं, ते हाताकडे येतायत, आधी बाकीचं उरकतायत. आता तिला कळलं, ते हात काढणार नव्हते. तो त्यांनी काढायचा नव्हताच.

सोमवारी दहा वाजता उघडा पाय पाण्याला टेकला होता. त्याभोवती एक बारीक वर्तुळ उठलं होतं.

चेहरा वर वळलेला होता. वडील गेले त्या गुरुवारी तो नक्की खाली वळलेला होता. आता तो चौकटीच्या वरच्या काठाकडे पाहत होता, जिथं काहीच नव्हतं. त्यावर भीती नव्हती. अंकाची मुदत टळून गेल्यावर फोन वाजण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता.

बारा वाजता टपाल जाणार होतं.

तिनं ब्रश घेतला. पेन्सिल घेतली नाही.

हात काढताना चित्रकार स्वतःचाच हात समोर धरतात. तिनं डावा हात पुढं केला, तळवा खाली, बोटं ताणलेली, आणि उजव्या हातानं थेट शाईत कठड्यापासून मनगट ओढलं. कोऱ्या कागदावर, ज्यावर तिला कुणी वाट आखून दिली नव्हती. अंगठा. पहिलं बोट. रेघ थरथरली, तिनं ती तशीच ठेवली.

हात पडणाऱ्याच्या उंचावलेल्या हातापर्यंत पोचेना. अंतर फार झालं होतं. तिनं मनगट लांबवलं, हाडांच्या हिशेबाबाहेर, कुठल्याही जिवंत माणसाचं नसतं इतकं. पोचवलं.

तिचा डावा हात जड झाला.

थकल्यानं होतं तसा नाही. भरलेली बादली उचलावी तसा. खांद्यापासून खाली ओढला जाऊ लागला, आणि कोपर टेबलाच्या कडेला टेकलं. तिनं बोटं मिटली नाहीत आणि उजवा हातही थांबवला नाही. सपाता, कोट, हनुवटी, चेहरा, सगळं शाईत घेतलं. पेन्सिल नेत होती तिथं गेली.

शाई वाळायला वीस मिनिटं लागली. घरात आवाज नव्हता.

मग तिनं रबर घेतलं आणि पुसायला सुरुवात केली. पूल. पाणी. चेहरा सगळ्यात शेवटी. कागद स्वच्छ होत गेला. खाली काहीच उरलं नाही. पांढऱ्यावर काळा एक माणूस आणि त्याला धरणारा एका बाईचा हात. चुरा तिनं या वेळी फुंकला नाही. मुठीत गोळा केला.

डावा हात अजून जड होता.

मनगटावर बोटांएवढे करडे डाग होते. पेन्सिलचे. चार, एकाखाली एक, पुढून मागे वळलेले. तिनं त्यांवर रबर फिरवलं. ते पुसले गेले नाहीत. पुन्हा फिरवलं, जोरात, कातडी लाल होईपर्यंत.

तिच्या डोळ्यांदेखत मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, अंगठ्याएवढा पाचवा डाग उमटला आणि हळूहळू गडद होत गेला.

"मी तुम्हाला माफ केलंय, अपू," एटेल्का त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली. "केव्हाच केलंय."