पिवळ्या भिंतीने काढलेला फोटो

विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, हे देझबाने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. कॅमेरा नको, भिंग नको. घरातल्या भिंतीनेच फोटो काढायचा!

लुकाचुकाई डोंगराच्या खाणीत कामाला असलेल्या वडलांनी तिथूनच सपाट, चौकोनी दगड आणून हे होगान, म्हणजे त्यांच्यातलं गोल घर, बांधलं होतं. कोव्ह गावातली निम्मी घरं तशीच. दगडांतून पिवळ्याधमक रेषा धावायच्या. बोट फिरवलं की हळदीसारखी पूड बोटाला.

"कार्नोटाइट," बेगे सर म्हणाले. "युरेनियम असतं त्यात. त्याचे किरण काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्मसुद्धा काळी करतात."

"आणि आई त्याला पाठ लावून झोपते, ते?"

सर फळा पुसत राहिले. "घर सोडा," एवढंच म्हणाले.

आई कसली ऐकते! वडील खोकून खोकून गेले, तेव्हापासून ती भिंतीला जास्तच चिकटली होती. "त्यांच्या हातची भिंत आहे ही. तुझ्या सरांना म्हणावं, आधी स्वतःच्या घराचं गळकं छप्पर बघा."

देझबाने आईच्या उशाशी भिंतीला किल्ली टेकवली, वर गुंडाळलेली फिल्म चिकटवली. आठवड्याने शाळेत धुतली. फिल्म काळी. किल्लीची पांढरी सावली, अगदी सुरेख!

शेजारी पांढरा तळवा. रुंद, पुरुषाचा. तर्जनी नसलेला.

खाणीत तर्जनी गमावलेला माणूस त्या घरात एकच होता. गेलेल्याचं नाव त्यांच्या जमातीत घेत नाहीत. देझबाने घेतलं नाही. पण किल्लीएवढ्या फटीत हात मावतो कुठे?

आईने फिल्म उजेडात धरली. चुलीवरचं मटण करपलं, तरी ती हलली नाही.

"बोलावत नाहीयेत गं," ती अखेर म्हणाली. "ढकलताहेत. बाहेर."

त्याच दिवशी दोघी निघाल्या. कुणी आत मेलं की जमातीच्या रिवाजाने घराची फोडतात, तशी उत्तरेची भिंत मामाने फोडली. नवं घर ओंडक्यांचं. खाणीचा एक खडा नाही.

केवळ खात्रीसाठी देझबाने आईच्या अंथरुणातल्या मेंढीच्या कातड्याखाली नवी फिल्म सरकवली. कोरीच निघणार होती.

बरगड्या निघाल्या. काळ्या, एकीखाली एक. भिंतीतून यायचं ते आता आईच्या हाडांतूनच येत होतं.

त्यांच्या आत पांढरा तळवा. चारच बोटं.

ढकलत होता.

दाराशी आई पिठाचे गोळे थापत गुणगुणत होती. मधेच थांबून, हलकेच खोकली.