अडकलं की खोडायचं

"अहो सुतार! तुम्ही सुतारच ना?"

तिसऱ्या मजल्यावर एका घराचं दार बसवून तो खाली निघाला होता. हातात हत्यारांची पेटी, केसांत भुसा. बाहेर चार दिवस पाऊस लागून राहिलेला. वर पाहिलं तर कठड्यावरून एक बाई वाकलेली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि अंबाड्यात चक्क पेन खोचलेलं.

"सुतारच. पण आज वेळ नाही..."

"वेळ मलाही नाही. तासाभरात प्रकाशकाचा माणूस येतोय आणि माझा नायक खणात अडकलाय."

तो दोन पायऱ्या चढला. "कोण अडकलंय?"

"या तर आधी!"

ती कादंबऱ्या लिहायची. प्रेमाच्या. खिडकीशी जुनं टेबल होतं, त्याच्या खणात अडीचशे पानांचं हस्तलिखित. खण ओढून ओढून तिनं मूठच उपटून काढली होती आणि ती अजून हातात धरून उभी होती.

"पावसाळ्यात लाकूड फुगतं," तो खाली बसत म्हणाला. "ओढलं की आणखी रुसतं."

"मग काय, समजूत घालायची?"

"तसंच काहीसं."

"घाला. पण टेबल तोडू नका, कागद फाडू नका आणि उशीर करू नका."

"एवढ्या अटी तर सासूबाईही घालत नाहीत."

"आहेत तुम्हाला... सासूबाई?"

त्याचा हात थांबला. "बायकोच नाही, तर सासू कुठून येणार?"

"सहज विचारलं," ती म्हणाली आणि उगाच पावसाकडे बघत बसली.

तो टेबलाखाली आडवा झाला. पटाशीनं एक कड सोडवली, दुसरी सोडवली. शेवटी खण झटक्यानं बाहेर आला, पटाशी सटकली आणि त्याचं बोट कापलं. त्याच वेळी दारावरची घंटा वाजली.

"आले हं!" ती ओरडली. पण गेली नाही. रुमालाची एक पट्टी फाडली, त्याचं बोट धरलं, दोन वेढे घातले, गाठ मारली. घंटा पुन्हा वाजली. मग ती कागद उचलून दाराकडे पळाली.

त्याला तेव्हा त्याचं विशेष काही वाटलं नाही. बोटं त्याची नेहमीच कापायची.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं खण रंधून दिला, कडांना मेण घासलं. पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. गेला तर ती कमरेवर हात ठेवून उभी.

"इतका नीट करायला कुणी सांगितलं होतं?"

"का? काय झालं?"

"सुळकन सरकतो. आता तुम्हाला बोलवायचं कशासाठी?"

तो कानापर्यंत लाल झाला. "...फळी वगैरे ठोकायची असेल तर..."

"आहे ना! फळी आहे. दोन आहेत."

त्या दोन फळ्यांना महिना लागला. त्या महिन्यात त्याला तिची लिहिण्याची तऱ्हा कळली. नायिकेचं वाक्य ती स्वतः मोठ्यानं म्हणायची. नायकाचं मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिचा त्यावर विश्वास बसायचा नाही. आजवर ते काम धाकटी बहीण करायची, पण ती मध्येच हसायची. आता कागद याच्या हातात आला. शाळा सातवीत सुटलेली. तो बोट फिरवत, सावकाश वाचायचा. जिथे तो अडखळेल तिथे ती पेन चालवायची.

"अहो, मला वाचता येत नाही म्हणून अडलो. वाक्य चांगलं होतं."

"तोंडात अडकलं ना? मग खोटं. अडकलं की खोडायचं."

एका संध्याकाळी त्यानं वाचलं, "'मला घर बांधता येतं, पण त्यात राहायला एकट्याला येत नाही. येशील?'"

कुठे अडकलं नाही. पुढचं वाक्य शोधायला त्यानं कागद पालटून पाहिला. मागची बाजू कोरी.

"हो," ती म्हणाली.

"हे... तिचं वाक्य की तुमचं?"

"कागदावर आहे का?"

"नाही."

"मग कुणाचं असेल, मिस्त्री?"

अशी लग्नाची मागणी त्यानं घातली. तिच्याच शब्दांत.

पुढची एकोणीस वर्षं तो दुकान बंद करून यायचा, हातपाय धुवायचा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा आणि बायकोला प्रेमाची वाक्यं वाचून दाखवायचा. कधी तो डॉक्टर, कधी वैमानिक. वाचक पत्रातून विचारायचे, तुम्हाला हे सुचतं कुठून? ती लिहायची, बसथांब्यावरून, शेजारच्या भांडणातून, जिन्यातून. एक गोष्ट मात्र तिनं कुणाला कळवली नाही. तिचा वैमानिक नकाशा उघडला की त्यावर फुंकर मारायचा. डॉक्टर तपासणीच्या कागदावर.

"मी अशी फुंकर मारतो?" त्यानं एकदा विचारलं.

"दिवसातून चाळीसदा. परवा पोळीवर मारलीस. भुसा होता का तिच्यावर?"

मेहुणी आली की हटकून टोमणा मारायची. "भावोजी, घरात रोज एवढं गोड बोलता, आणि चारचौघांत 'हं'च्या पुढे गाडी जात नाही!"

"ते सगळं हिचं आहे," तो म्हणायचा.

"एकदा तरी स्वतःचं बोल ना, मिस्त्री," बायको म्हणायची. हसत म्हणायची, त्यामुळे त्यालाही ते हसण्यावारी नेता यायचं.

"बाई, तू लिहितेस, मी म्हणतो. आणखी वेगळं काय राहिलं?"

ती पेन उचलायची. विषय तिथेच मिटायचा.

आजार उशिरा कळला. तेविसावी कादंबरी तिनं दवाखान्याच्या खाटेवर लिहिली, मांडीवर त्यानं करून दिलेला पाट घेऊन. शेवटच्या पानावर नायिका विचारते, 'माझ्यात तुला काय आवडलं?' खाली ओळ मोकळी.

"हे राहिलंय," तो म्हणाला.

"राहिलं नाही, ठेवलंय. हे मी लिहिणार नाही. तू सांग."

त्यानं घसा साफ केला. "तू आलीस की... भिंतीला खिडकी फुटते."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. "सातवी कादंबरी. बागेचं प्रकरण. चोर!" हसता हसता खोकला आला, नर्स धावली. पाणी पिऊन झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "तुझं सांग."

"विचार करून सांगतो."

"एकोणीस वर्षं झाली."

"दोनदा मापल्याशिवाय मी कापत नाही, तुला माहीत आहे."

"हे लाकूड नाही, मिस्त्री," ती हळूच म्हणाली. "वाट बघत पडून राहील असं."

त्यानं चार दिवस घेतले. रोज तिच्याजवळ बसायचा, आणि ती रोज नुसत्या भुवया उंचावून विचारायची. तो मान हलवायचा, अजून नाही. तोंडाशी यायचं ते सगळं तिचंच असायचं. पाचव्या दिवशी सकाळी दुकानात कुणाच्या तरी खणाची कड रंधताना त्याला ते मिळालं. एकदम, जसंच्या तसं. कागद नव्हता, म्हणून प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहिलं, खिशात घातलं आणि रंधा तसाच टाकून निघाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मेहुणी उभी होती. "भावोजी..." एवढंच म्हणाली.

आत नर्स नळ्या गुंडाळत होती. तो खाटेशी उभा राहिला. खिशात हात घातला, तुकडा चाचपला आणि हात तसाच राहू दिला.

महिन्याभरानं प्रकाशकांचा फोन आला. "एक वाक्य राहिलंय हो. त्या काही बोलल्या होत्या का तुमच्याजवळ?"

"आहे. थांबा." त्यानं तुकडा आणला. "त्या दिवशी खण... त्या दिवशी..." पुढे जाईना. त्यानं तीनदा सुरुवात केली.

"राहू द्या, राहू द्या," पलीकडचा माणूस अवघडून म्हणाला. "आमचे संपादक बघतील."

"बघा," तो म्हणाला.

पुस्तक आलं तेव्हा पाऊस लागला होता. मेहुणीनं फोन केला. "भावोजी, ते शेवटचं वाक्य वाचलंत? सगळे म्हणताहेत, ताईनं जाता जाता कसं लिहून ठेवलं! मी तर रडले."

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि शेवटचं पान काढून मोठ्यानं वाचलं. "'तुझे डोळे. त्यांत मला माझं आभाळ सापडलं.'"

कुठ्ठेच अडकलं नाही.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. ती ओळ खोडली, आणि प्लायच्या तुकड्यावरून दुसरी तिथे उतरवून काढली. अक्षर मोठं, पान भरून गेलं. मग बोट फिरवत, सावकाश वाचलं.

"त्या दिवशी खण उघडला, दारावर घंटा वाजत होती, कागद समोर होते... आणि तू आधी... तू आधी माझं बोट बघितलंस."

'तू आधी'पाशी अडकलं. समोरच्या खुर्चीवर कुणी पेन उचललं नाही. त्यानं पुन्हा वाचलं. पुन्हा तिथेच अडकलं.

पेन्सिल हातात होती. तिचा नियम त्याला पाठ होता. त्यानं पानावर एक फुंकर मारली, पुस्तक खणात ठेवलं आणि ते वाक्य तसंच राहू दिलं.