डाव्या ओळीतली रिकामी जागा

फेरीबोटीवर गाड्या लावायचं काम कुणालाही जमेल असं वाटतं. हात हलवायचा, ‘या, या, बस’ म्हणायचं. डेकवाल्याचंही आधी तेच मत होतं. पण सासऱ्यांनी त्याला या कामाला लावलं तेव्हा पहिल्याच दिवशी कठड्यावरून खाली वाकायला सांगितलं. बोटीच्या दोन्ही अंगांना एक पांढरी रेषा रंगवलेली होती. गाड्या चढल्या की ती पाण्याकडे सरकते, आणि दोन्हीकडे सारखी सरकली पाहिजे. मिजास कप्तानाची असली तरी बोट सरळ ठेवतो तो डेकवाला, असं सासरे म्हणत.

बोट म्हातारी होती. दोन्ही टोकांना रॅम्प, त्यामुळे गाडीने एका तोंडातून चढायचं आणि समोरून उतरायचं. मुळात ती आखूड होती. गाड्या वाढल्या तशी गोदीत मधोमध कापली आणि भंगारात निघालेल्या दुसऱ्या फेरीबोटीचा तुकडा आत जोडून लांब केली. रंगाचे कितीही हात दिले तरी तो जोड लपत नसे. तिथला पत्रा भर उन्हातही पायाला गार लागायचा.

त्या तुकड्यावर, डाव्या ओळीत, सासरे एका गाडीची जागा कायम रिकामी ठेवत. लोक शिव्या घालत, तरीही. वर ती भरलेली आहे असं धरून उजवीकडे तोलाला गाडी लावत, आणि तसं केलं की रेषा बरोब्बर जुळायची. जावयाने एकदा जेवताना त्यांना यावरून छेडलं. सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“तो तुकडा ज्या बोटीचा, तिच्यावर एक गाडी चढली होती... उतरलीच नाही. पाण्यात पडताना कुणी पाहिली नाही. चाकांखालचे ठोकळे जागच्या जागी होते. वजन अजून आहे, जावईबापू. गाडी तेवढी दिसत नाही.”

ताटावर बसून असलं काही बोलू नका, म्हणून लेकीने दोघांनाही दटावलं आणि विषय तिथेच मिटला. पुढे सासरे थकून घरी बसले. जावयानेही जागा रिकामीच ठेवली. विश्वास होता म्हणून नव्हे, रेषा जुळत होती म्हणून.

मग ती दुपार आली. खाडीवर धुकं उतरत होतं आणि ही फेरी झाली की बोट बंद, असं कप्तानाने सांगून टाकलं होतं. डेक गच्च भरला होता. डेकवाला साखळी ओढणार, एवढ्यात दिवे लावून एक छोटी गाडी धक्क्यावर आली. मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली लहान मुलगी होती. तिच्या प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. इस्पितळ पलीकडच्या काठावर, आणि खाडीला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडणार. तिचा बाप हात जोडून उभा राहिला. त्याला बोलवतही नव्हतं.

कुणाला उतरवायचं तर अख्खी रांग मागे घ्यावी लागली असती. माणसांसाठी सोडलेल्या मधल्या वाटेने छोटी गाडी कशीबशी आत जाईल, पण ती वाट अडवून कप्तान बोट सोडणार नव्हता. उरली फक्त ती जागा. पोर डोळ्यांदेखत जाईल, या विचाराने डेकवाल्याने हात वर केला.

“या... या... बस.”

गाडी जागेवर बसली. तो कठड्यावरून वाकला. डावी रेषा केसभरही हलली नव्हती.

धुक्यात बोट निघाली. काठ दिसेनासा झाला, इंजिनाचा आवाजही उशी दाबल्यासारखा दबका झाला. पत्र्याखालून बंद खोलीसारखा कुबट वास येऊ लागला. तेवढ्यात शिट्टी थांबली. डेकवाला गाडीकडे धावला. त्याने काचेतून आत पाहिलं. मुलगी शांतपणे श्वास घेत होती आणि डोळे उघडे ठेवून त्याच्याकडेच बघत होती. बाप रडत रडत हसला.

“बघा ना... लागली दृष्ट, आणि उतरलीसुद्धा.”

पलीकडे ती गाडी उतरताना रॅम्प भरलेल्या ट्रकखाली कण्हावा तसा कण्हला. गाडीचं मागचं अंग पार चाकांवर बसलं होतं. ती गेली आणि बोट डाव्या अंगाने वर उचलली गेली.

घरी त्याने सगळं सांगितलं. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, “आत कोण होतं?” लहान मुलगी, म्हटल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे डेकवाला जागा सवयीने रिकामी ठेवी, पण रेषा काही जुळेना. बोट उजवीकडे कलायची. कप्तान वरून ओरडायचा आणि हा खाली मान घालून गाड्या हलवत बसायचा.

मग एके सकाळी बाप-लेक पायी आले. गाडीच्या मागच्या चाकांचा दांडा तुटून ती गॅरेजात पडली होती, पण बाप खुशीत होता. पोर ठणठणीत बरी झाली, डॉक्टरही चकित झाले, असं सांगत सुटला होता.

“फक्त कडेवर घेववत नाही हो आता. चांगलंच अंग धरलंय हिने.”

मुलीचं मनगट काडीसारखं होतं. तिने पाऊल ठेवलं तसा रॅम्प कण्हला. बापाचा हात सोडून ती डावीकडच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि बोट त्या अंगाला खाली गेली. डेकवाल्याने तिच्याकडे न बघता, हाताच्या सवयीने, शेवटचा ट्रक उजवीकडे घेतला. बोट सरळ झाली.

मग ती त्याच्याजवळ आली. रिकाम्या जागेकडे बघत, बापाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

“काका... तिथे आता गाडी लावा.”

त्याने लावली. कठड्यावरून वाकून पाहिलं. एका गाडीने रेषा जेवढी बुडावी, तेवढीच बुडाली होती.