भिंतीमागचे नेचे

"रोगट रोप गळ्यात मारलंत माझ्या!" कुंडी टेबलावर आपटत ती म्हणाली.

रोपवाटिकावाल्यानं पाण्याचा पाइप खाली ठेवला, नेच्याचं पान उलटं केलं आणि… पाहतच राहिला. "इथले तपकिरी ठिपके कुठे गेले?"

"साबणाच्या पाण्यानं पुसले. एकूण एक! दोन संध्याकाळी गेल्या त्यात."

"अहो, तो रोग नव्हता. नेच्याला, म्हणजे फर्नला, बिया नसतात, त्या ठिपक्यांतूनच त्याचा वंश वाढतो. तुम्ही त्याची पुढची अख्खी पिढी धुऊन काढलीत!" त्यानं हसू दाबलं. "आपण काम काय करता?"

"चष्म्याच्या दुकानात… डोळे तपासते." ती कानापर्यंत लाल झाली. मग मात्र दोघंही पोट धरधरून हसले.

भांडायला गेलेली बाई आणखी तीन रोपं घेऊन परतली. घरामागच्या भिंतीशी ऊन कधी फिरकत नसे; तिथे लावलेल्या प्रत्येक झाडानं मान टाकली होती, आणि बाबांना तिथे फरशी घालायची होती. नेचे लावायला रोपवाटिकावाला स्वतः आला. गड्डा मातीत गाडायचा नाही, वर ठेवायचा, हे दाखवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली—आणि कुणालाच हात काढून घ्यायची घाई नव्हती. पुढे दर रविवारी त्याला नेच्यांची काळजी वाटू लागली. काळजी नेमकी कुणाची, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती.

मग कडाक्याची थंडी पडली. चारही नेचे वाळून पाचोळा झाले.

"चिवट जात आहे," तो म्हणाला. "पानं वाळलीत, गड्डा नाही. ती कापू नका, तेच त्याचं पांघरूण."

"मेलेत ते!" तो गेल्यावर बाबा कडाडले. "थापा मारतोय तुझा माळीबुवा."

"थंडी सरेपर्यंत थांबा, बाबा. नाही फुटले तर खुशाल फरशी घाला… मीही त्याचं नाव काढणार नाही." तिनं जीभ चावली, पण शब्द दिला तो दिला.

थंडी सरली. ती रोज सकाळी गुडघे टेकून, वाळक्या पानांचं पांघरूण न हलवता बघायची. काहीच नाही. शेवटी फरशीवाला माल उतरवू लागला. रविवार होता, रोपवाटिकावालाही दारात उभा होता, चेहरा उतरलेला. तिनं वाळकी पानं शेवटची बाजूला सारली… आणि खाली हिरवे कोंब! लवदार, घट्ट गुंडाळलेले. एक, चार, अकरा!

"बाबाऽऽ!"

बाबा वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग फरशीवाल्याला म्हणाले, "परत ने रे सगळं."

"पैज लावली होती मी तुमच्यावर," ती त्याला म्हणाली.

"आणि हरला असतात तर?"

"चोरून भेटले असते." तिनं त्याचा मातीनं भरलेला हात घट्ट धरला. "आता चोरी कशाला? मला तुम्ही आवडता. बाबांच्या देखत सांगतेय."

बाबांनी तोंड फिरवलं. खांदे मात्र हसत होते.