फुप्फुसातली कुजबूज

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. डॉक्टरकीचा परवाना देणारी परीक्षा तोंडावर आली होती, आणि पॅथॉलॉजीच्या म्युझियममध्ये एकाच बरणीवर दोन हात पडले – एक तिचा, एक त्याचा. बरणीत न्यूमोनिया झालेलं फुप्फुस होतं.

"आधी मी," ती म्हणाली.

"घ्या ना! पण काल तुम्ही यालाच यकृत म्हणालात... सरांच्या तोंडावर."

तिचे कान तापले. "आणि हार्ट अ‍ॅटॅकच्या प्रश्नाला तुम्ही खांबासारखे उभे होतात, ते?"

तो मनापासून हसला. तिथेच ठरलं – तिने त्याला हृदय शिकवायचं, त्याने तिला फुप्फुस. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"अ‍ॅटॅक आलेला रोगी चौथ्या दिवशी हसायला लागतो," ती सांगे, "पण हृदयाचा मेलेला स्नायू तेव्हाच सगळ्यांत मऊ असतो."

"म्हणजे बरं वाटायला लागलं की जास्त जपायचं?" तो तिच्याकडे बघतच राही.

"पुस्तकात बघ."

मग त्याची पाळी. ती त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावी आणि तो हळूच काहीतरी कुजबुजे. तिला नुसती फुसफुस ऐकू येई.

"काय म्हणालास?"

"नव्याण्णव. छाती तपासताना रोग्याला म्हणायला लावतात तेच."

"खोटारडा!"

"निरोगी फुप्फुसातून कुजबुजीचे शब्द कळत नाहीत, बाईसाहेब. न्यूमोनियाने घट्ट झालेल्यातूनच कळतात."

परीक्षेच्या आदल्या शनिवारी तो खोकत आला. "धूळ गेली घशात," म्हणाला. तिने सवयीने पाठीला नळी लावली. उजवीकडे, खाली... आणि कानाशी ओठ आणून बोलावं तसं स्वच्छ ऐकू आलं –

"माझ्याशी लग्न करशील?"

क्षणभर ती लाजून हसली. मग शब्द न् शब्द कळला, हे ध्यानात आलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"ऐकलंस?... मग उत्तर?"

"आधी एक्स-रे."

त्याचा चेहरा उतरला. "सोमवारपर्यंत गप्प बस गं! ही शेवटची खेप आहे. नापास झालो तर बाबा लाकडाच्या वखारीत बसवणार. दोनच दिवस... पाया पडतो."

ती उठली आणि सरळ सरांकडे गेली.

सोमवारी तिने पेपर लिहिला. तो वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"माझ्यावर रागावलायस?"

"हो."

"मग विचारलेलं मागे घेतोस?"

"ते नाही घेत," तो पुटपुटला, तोंड भिंतीकडेच ठेवून.

"मग माझं 'हो' आहे," ती म्हणाली.

सर पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. त्याच्या बाबांनी शब्द खरा केला. तो वखारीत बसला तो कायमचाच. तिने त्याच रस्त्यावर दवाखाना थाटला. सुरुवातीला नाक मुरडणारे सासरे पुढे तिच्याखेरीज कुणाचं औषध घेत नसत. तो जाऊनही आता चार वर्षं झाली.

त्या सोमवारचा विषय त्याने आयुष्यात एकदाच काढला. लेक तीच परीक्षा पास झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी.

"मी पास झालो असतो गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि त्याच्याजवळ सरकून बसली.